हलशीला जाताय? मग एवढं कराच

रविवारी हलशीला जायचं म्हणताय? जावा की! बेळगावहून खानापूर, नंदगड करत चाळीसेक किलोमीटर. गेल्याच रविवारी आमची अख्खी गल्ली टेम्पो ट्रॅव्हलर भरून जाऊन आली, म्हणून चार अनुभवाचे बोल.

सातला निघायचं ठरलं की साडेनवाला निघा.

जाण्याआधी काही वाचू नका. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी, असं कुणी सांगायला लागला की "कदंब? ती गोव्याची बस की हो!" म्हणून सगळ्यांनी हसायचं. बसला ते नाव कुठून आलं म्हणणाऱ्याला मागच्या सीटवर धाडायचं. (मी गेलो.)

पाटी कानडीत का, यावर देवळाच्या दारातच पाऊण तास भांडा. इथले कदंबांचे जुने ताम्रपट संस्कृतात आहेत, हे मध्येच बोलू नका. दोन्हीकडचे तुमच्यावर उलटतात.

कुंद्याचा डबा देवळातच उघडा.

आता मुख्य काम, म्हणजे रील. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मध्ये उभं राहून नाचलं की एका देवाकडे पाठ होतेच, मग गिरकी घेऊन दुसऱ्याकडेही करावी, उगाच पक्षपात नको. पुजारी हटकेल. त्याला "दोनच मिनिटं मामा" म्हणायचं आणि वीस मिनिटं घ्यायची. या देवळाचा ११६९ सालचा शिलालेख आहे, तर आपलाही एक असावा म्हणून गाडीची किल्ली काढून दगडावर बदाम कोरायचा. बदामात दोन अक्षरं. आमच्या गल्लीच्या चिरंजीवांनी कोरला. मी हात धरला, तर त्याची आई मलाच म्हणते, "राहू दे हो भाऊजी, लहान आहे!"

लहान? मिशा फुटल्यात त्याला, बुलेट फिरवतो! साडेआठशे वर्षं पाऊस खाऊन उभा राहिलेला दगड आहे तो, तुमच्या घराचं कंपाउंड नव्हे. स्वतःच्या नव्या फरशीवर कुणाची चप्पल चालत नाही तुम्हाला. आणि तुमच्या कागदी प्लेटा, शेंगांची टरफलं गोळा करत होती गावातली एक म्हातारी, तेव्हा तुम्ही गाडीत बसून "चला लवकर, उशीर होतोय" ओरडत होता. लाज वाटली पाहिजे.

पुढच्या महिन्यात ऐहोळेची जुनी देवळं बघायला जायचं घाटतंय म्हणे. माझं नाव लिहू नका. यादीतही नको आणि दगडावरही नको.