‘३०० रुपयांत गळती कायमची बंद’ : त्या मेसेजमधल्या एकेका ओळीबद्दल

हा मेसेज मला पहिल्यांदा गेल्या वर्षी मे महिन्यात आला, जुन्या नाशकात राहणाऱ्या मामीकडून. खाली तिने लिहिलं होतं, ‘‘अरे, एवढं करून देशील का या रविवारी?’’ यंदा पावसाळा जवळ आल्यावर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर आला, बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरही आला. म्हणून आता नीट लिहितोच.

मेसेज थोडक्यात असा : फक्त ३०० रुपयांत घराची गळती आणि ओल कायमची बंद करा, गवंडी नको, कॉन्ट्रॅक्टर नको. ओल आलेल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा. गच्चीच्या भेगांत सिमेंटचं पाणी ओता. सिमेंटमध्ये गूळ आणि तुरटी घाला, पूर्वजांनी वाडे असेच बांधले. जुन्या भिंतीचे पोपडे निघत असतील तर सिमेंटचं प्लास्टर करून टाका. आणि बुरशीसाठी ब्लीच व टॉयलेट क्लीनर एकत्र करून फवारा, डबल पॉवर मिळते.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून २५ वर्षं साइटवर काढली आहेत. घरची कामं शक्य तितकी घरीच करावीत असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे नळाचा वायसर बदलायला कधी प्लंबर आलेला नाही. म्हणूनच हा मेसेज जास्त खुपतो. त्यातलं एकही काम हाताला अवघड नाही, पण सगळा इलाज पाणी दिसतं तिथे सांगितलाय. इलाज पाणी शिरतं तिथे करावा लागतो.

शेवटची ओळ आधी घेतो, कारण बाकीच्या ओळींनी पैसे जातील, हिने जीव जाऊ शकतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. हवेपेक्षा तो सुमारे अडीच पट जड असतो, त्यामुळे चार बाय सहाच्या बाथरूममध्ये खाली साचून राहतो. खालच्या कोपऱ्यातली बुरशी घासायला आपण वाकलेले असतो, तेव्हा नाक नेमकं तिथेच असतं. डबल पॉवर वगैरे काही मिळत नाही, बुरशी मारायला जो क्लोरीन लागतो तोच हवेत उडून जातो. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर घातलं तरी हेच होतं. अमोनिया असलेला काच पुसायचा क्लीनर घातला तर क्लोरामाइन हा दुसरा विषारी वायू तयार होतो.

कुणाकडून चुकून मिसळलं गेलंच, तर बादली उचलून ओतत बसू नका. आधी बाहेर या, घरातल्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडी टाका. खोकला किंवा छातीत जळजळ असेल तर लगेच डॉक्टर गाठा. साध्या बुरशीला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. ब्लीच वापरायचंच असेल तर एकटंच, पाण्यात पातळ करून, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून. ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान ही ओळ चूक आहे एवढं तरी त्या ग्रुपवर लिहा. हात जोडून सांगतो.

आता भिंतीवरचा रंग. आतून वॉटरप्रूफ रंग मारला की पाणी यायचं थांबत नाही, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. इंदिरानगरच्या आमच्याच फ्लॅटमध्ये हे झालं. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर आधीच्या मालकाने असा रंग मारून दिला होता. दुसऱ्या वर्षी रुपयाएवढे फोड आले. एक फोड नखाने उचकटला तर आत कापसासारखी पांढरी पूड होती आणि रंगाची पापडी मागून चिंब ओली. ती पूड म्हणजे लोणा. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि वाढता वाढता रंगाला आतून ढकलतात. कंपनी कुठलीही घ्या, मागून असा दाब आला की रंग टिकत नाही. आणि लोणा कधी पाण्याने धुवू नका. धुतला की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा.

मग पाणी येतं कुठून, हे घरीच शोधता येतं आणि त्याला ३०० रुपयेसुद्धा लागत नाहीत. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने गच्च लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. तिथे खिडकी उघडणं आणि ओले कपडे घरात न वाळवणं हाच इलाज. भिंतीतून येत असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळपर्यंत कुणी नळ न सोडता आकडा सरकला, तर पाइप गळतोय. आकडा तिथेच असेल तर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या भोकात, फडकं कोंबा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, त्यात खायचा रंग मिसळा आणि दिवसभर थांबा. आमच्याकडे संध्याकाळी बेडरूमच्या स्कर्टिंगवर केशरी रेघ उमटली. टाइलचे सांधे आणि ट्रॅपभोवतीची फट खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न पिणारा सांधे भरायचा मसाला, भरलं, एका शनिवारचं काम. भिंत मात्र पुढे चार महिने उघडी ठेवावी लागली. वीटकाम वाळायला इंचाला साधारण महिना लागतो, घाई केली की फोड परत येतात.

एक गोष्ट विसरू नका : ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर खरवडायला घेण्याआधी मेन स्विच पाडा.

गच्चीच्या भेगेत सिमेंटचं पाणी ओतल्याने काय होतं? पहिला पाऊस निभावतो, आणि त्यामुळेच लोकांचा विश्वास बसतो. पण नाशिकची गच्ची वर्षभर एकाच मापाची राहत नाही. मे महिन्यात दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि जानेवारीत पहाटे तोच स्लॅब बर्फासारखा गार लागतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर दहा मीटर लांबीचा स्लॅब जवळपास चार मिलिमीटर लांब-आखूड होतो. नुसतं सिमेंटचं पाणी वाळताना आकसतं, ठिसूळ होतं, त्याला ताणणं माहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी उघडते.

भेग भरायचीच तर छिन्नीने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करा, धूळ पूर्ण काढा, पॉलिमर मिसळलेला मसाला दाबून भरा, आणि वर फायबरची जाळी घालून लवचीक कोटिंगचे दोन-तीन हात द्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच ठेवा, अंदाजाने पाणी वाढवू नका. पण त्याही आधी पावसाळी पाइपचं तोंड बघा. पानं, कबुतरांची पिसं, कुणाचा तरी पतंगाचा मांजा यांनी तुंबलेलं तोंड हे मी पाहिलेल्या गच्चीच्या गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. ते साफ करायला हात आणि पिशवी पुरते. दुसरी जागा कठड्याच्या पायथ्याची. तिथे स्लॅब आणि कठडा काटकोनात भेटतात आणि सांधा उघडतो, म्हणून गवंडी तिथे मसाल्याचा गोलसर वाटा काढतात. तो फुटलाय का ते वाकून, बोट फिरवून बघा.

पहिला पाऊस पडल्यावर हे काम करायचं नसतं. कोटिंगला कोरडी गच्ची लागते. एप्रिल-मेमध्ये, ऊन उतरल्यावर करा आणि सिमेंटचा मसाला असेल तर आठवडाभर त्याला पाणी मारा. आणि छताचं प्लास्टर ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तांबूस डाग असतील किंवा सळई दिसत असेल, तर तिथे घरगुती उपाय थांबतात. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. तिथे जाणकार इंजिनीअरला बोलवा.

गूळ-तुरटीच्या ओळीवर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिच्यात खरं आणि खोटं गुंतलंय. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी हे सगळं जुन्या बांधकामात खरोखर घालत. पण ते सिमेंटमध्ये नव्हे, चुन्यात. बैल जुंपलेल्या दगडी घाणीत चुना दिवसचे दिवस मळला जाई. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, मसाला चिकट आणि एकजीव होतो. सिमेंटशी मात्र साखरेचं उलटं नातं आहे. ५० किलोच्या गोणीला ५० ग्रॅम साखर, म्हणजे हजारात एक भाग, सिमेंटचं जमणं रखडवायला पुरते. रेडीमिक्सची गाडी रस्त्यात अडकली तर ड्रममधलं काँक्रीट दगड होऊ नये म्हणून त्यात साखर टाकतात, ती याच कारणाने. तुम्ही पाटीभर मसाल्यात लिंबाएवढा गुळाचा खडा घातलात, तर दुसऱ्या दिवशी तो मसाला बोटाने उकरता येईल.

तुरटीचंही असंच आहे. चुन्याच्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवर ठोकून बसवलेल्या चुन्याच्या थरावर, आधी गरम साबणाचं पाणी आणि मग तुरटीचं पाणी चोळायची रीत जुनी आणि उत्तम आहे. साबणातली मेदाम्लं आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम मिळून पाण्यात न विरघळणारा मेणासारखा थर चुन्याच्या छिद्रांत बसतो. तुमच्या घराला अजून चुन्याची गच्ची असेल तर हे जरूर करा, वरून, कोरड्या दिवसांत, पुन्हा पुन्हा. पण तुरटी हे सल्फेट आहे, आणि सल्फेट सिमेंटला आतून पोखरतं. ती सिमेंटमध्ये कालवून भिंतीला फासणं म्हणजे पूर्वजांचं नाव घेऊन त्यांनी कधी न केलेलं काम करणं.

उरली जुन्या भिंतीवर सिमेंट प्लास्टरची ओळ. त्यासाठी मामीची भिंत दाखवतो. काळ्या दगडाचं जोतं, वर विटा आणि चुना, दीड फूट जाड. जमिनीतली ओल अशा भिंतीत थोडी वर चढणारच, कारण त्या काळी जोत्यावर ओल अडवणारा थर घालत नसत. चुन्याचं प्लास्टर ती ओल हवेत सोडून देतं आणि भिंत फूट-दोन फुटांवर समतोल राखते. दहाएक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सल्ल्याने मामाने खालच्या तीन फुटांना सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. त्यातून वाफ नीट निघेना, म्हणून पाणी आणखी वर चढलं. मी गेलो तेव्हा देव्हाऱ्याच्या फळीखाली, साडेचार फुटांवर ओलीची रेघ होती.

‘‘मेसेजमध्ये तर सिमेंटच लिहिलंय,’’ मामी म्हणाली.

‘‘मामी, सिमेंट आहे म्हणूनच तर ओल तुझ्या देवांपर्यंत आलीय.’’

त्या रविवारी आम्ही प्लास्टर फोडलं. मागच्या विटा हाताला गार आणि मऊ लागत होत्या. मग बाहेर जाऊन पाहिलं. गल्लीचा रस्ता वर्षानुवर्षं थर चढत जोत्याच्या बरोबरीला आला होता आणि पन्हळीचं पाणी सरळ भिंतीच्या पायाशी पडत होतं. पन्हळीला पीव्हीसीचा तुकडा जोडून पाणी गटारापर्यंत नेलं, भिंतीलगत वीतभर रुंदीचा चर खणून खडी भरली. सगळा खर्च मेसेजमधल्या ३०० रुपयांहून जास्त झाला, पण त्यात गवंडी नव्हता. हिवाळ्यात चुना, वाळू आणि सुर्खी म्हणजे विटांची भुकटी यांचं प्लास्टर केलं, त्याला मात्र माहीतगार गवंडी लागला. वर रंग न लावता चुन्याची सफेदी दिली.

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी गुडघ्याला की छातीला. तसंच भिंतीचं ठेवायला मी मामीला सांगितलं : महिन्यातून एकदा ओल जिथे संपते तिथे पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालायची. पहिली रेघ साडेचार फुटांवर. ऑगस्टची तिच्याहून बोटभर खाली, दिवाळीनंतरची साडेतीनवर. या रेघा प्लास्टर करताना शेजारच्या दाराच्या चौकटीवर उतरवून घेतल्या आणि पुढच्या तिथेच चालू ठेवल्या. परवा गेलो तेव्हा शेवटची सव्वादोन फुटांवर होती. मामीने पेन्सिल हरवू नये म्हणून दोऱ्याने चौकटीच्या खिळ्याला बांधून ठेवलीय.