सांगून टाकलं लेकीला

"आधीच कशाला सांगितलंस? आता महिनाभर डोकं खाईल तुझं." इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरलंय हे लेकीला सांगितल्याचं कळल्यावर जाऊबाई म्हणाल्या. शेजारच्या काकूंचंही तेच. निघायच्या दिवशी सकाळी उठवायचं आणि गाडीत बसवून सांगायचं, म्हणजे पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

मला हे पटत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. वडील यंत्रमागावर. सुट्टीत फिरायला जाणं हा प्रकारच घरात नव्हता. पण जानेवारीत गड्डा असायचा. सिद्धरामेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, आणि होम मैदानावर पाळणे. आमचा गड्डा सुरू व्हायचा दिवाळी संपली की. कुठला पाळणा आधी, मौत का कुआँ बघायचा की नाही, पैसे किती मिळतील, हे सगळं आम्ही भावंडं दोन महिने रात्री गोधडीत बोलायचो. प्रत्यक्षात मैदानावर आम्ही असायचो जेमतेम तीन तास. पण मला आज ते तीन तास जेवढे आठवतात ना, तेवढीच ती गोधडीतली बडबडही आठवते. माझ्या लेखी ते दोन महिने गड्ड्याचेच होते. ते लेकीकडून काढून घ्यायचे, आणि तेही तिच्या एका सकाळच्या चेहऱ्याचा व्हिडिओ मिळावा म्हणून? नाही.

२०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दीड हजार लोकांना त्यांच्या सुट्टीबद्दल विचारून एक अभ्यास छापला होता. सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त खूश दिसले ते जायच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांत फारसा फरक उरला नव्हता. वाचलं तेव्हा गोधडीच आठवली मला.

तर आमची लेक सात वर्षांची आहे आणि सध्या घरात काय चाललंय ते सांगते.

खोपोलीजवळच्या या पार्कात 'राजासॉरस' नावाची एक राइड आहे. बोटीत बसायचं, डायनासोर बघायचे आणि शेवटी पाण्यात धपकन खाली. लेकीला वाटलं नाव कुणीतरी गमतीनं ठेवलंय. मग आम्ही शोधलं. राजासॉरस खराखुरा आपल्या देशातला डायनासोर! गुजरातेत रहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. तो होता साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वी. आपल्या पायाखालचा काळा दगड ज्या लाव्हापासून झाला, तो लाव्हा वाहिला तोही साधारण त्याच सुमाराला. हे कळल्यापासून भुईकोट किल्ल्यात गेलं की ती तटाच्या दगडावर हात ठेवून उभी राहते. "आई, हे राजासॉरसच्या वेळचं?" दगड त्या वेळचा गं, किल्ला नंतरचा, असं मी दर वेळी सांगते आणि ती दर वेळी विचारते. आयत्या वेळी सांगितलं असतं तर हे सगळं कुठून झालं असतं?

दुसरी गोष्ट नायट्रोची. तो तिथला मोठा रोलर कोस्टर. चाळीस मीटर उंच, ताशी शंभराच्या वर वेग, पाच वेळा उलटा, आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. लेकीची उंची त्याला अजून पुरत नाही. हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारून. एक दिवस रुसली, मग रुसवा गेला. हेच तिथं गेटवर उंची मोजून परत पाठवलं असतं तर अख्ख्या दिवसाचा विचका झाला असता. आता ती खाली उभी राहून बाबांना हात करणार आहे, तिनंच ठरवलंय. "पण त्याला इंजिन कुठंय?" हा प्रश्न मात्र उरला होता. मग स्वयंपाकघरात वायरच्या जुन्या पाइपची घसरगुंडी करून गोटी सोडली. पहिला चढ साखळी ओढून नेते, पुढचं सगळं उतारावर कमावलेल्या वेगावर, म्हणून पहिला चढच सगळ्यात उंच. दुसरा चढ उंच केला की गोटी अर्ध्यातून माघारी येते, हे तिनं स्वतः चार वेळा करून बघितलं.

खर्चाचं बोलणारेही आहेतच. एका दिवसासाठी एवढे पैसे? पैसे भिशीचे आहेत, या महिन्यात माझा नंबर लागला. आणि मी तो एक दिवस धरतच नाही. मे महिन्यातल्या उन्हात, सोलापूर त्रेचाळीस अंशांवर असताना, घरात रोज बर्फाच्या गोष्टी चालल्यात, कारण तिथं स्नो पार्कही आहे. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, पुण्याहून लोणावळा, मग घाट उतरून खोपोली. त्या गाडीला हुतात्मा का म्हणतात हे विचारल्यावर १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांबद्दल सांगितलं. चार पुतळा चौकातून ती शंभरदा गेली असेल. परवा पहिल्यांदाच तिथं थांबून एकेक चेहरा बघितला तिनं.

डब्याचंही ठरलंय. गाडीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आप्पा येतायत. माझे वडील. आधी नाहीच म्हणाले, "मी काय करू तिथं, तुम्ही जावा." लेकीनं रोज त्यांना फोनवर एक-एक राइड समजावून सांगितली. आठव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "त्या बोटीत मला बसू देत्यात का गं?"

ज्या माणसानं आम्हाला गड्ड्यात पाळण्यात बसवून स्वतः खाली चपला सांभाळल्या, तो माणूस बोटीत बसायचं म्हणतोय. तिकडं दिवसभर चालावं लागतं हे लेकीनं सांगितल्यापासून दोघं रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चालायला जातायत. काल दोन फेऱ्या झाल्या. आज तीन करायच्यात म्हणे, आत्ताच चपला घालून दारात उभे आहेत दोघं.