बँकांचे दिवस भरले म्हणे!

सकाळी सकाळी आमच्या मित्राची पोस्ट: ‘बँकांचे दिवस भरले. उद्याचे व्यवहार क्रिप्टोतच!’ खाली टाळ्यांचा पाऊस. मला मात्र ती रात्र आठवली.

याच महाशयांनी माझं तिकीट काढलं होतं, त्याचे पैसे द्यायचे होते. “बिटकॉइनमध्येच दे, शीक जरा.” पाठवायला बसलो आणि फी बघून डोळे पांढरे झाले. रक्कम चिमुकली असली म्हणून फी कमी होत नाही; व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या एका गठ्ठ्यात, जागा किती खातो आणि रांग किती लांब आहे, यावर ती ठरते. मी कद्रूपणा करून कमी फी लावली. झालं! रात्री नऊला पाठवलेले पैसे सकाळपर्यंत लटकलेले. दर तासाला त्याचा मेसेज, “आले नाहीत रे.”

येणार कसे? ब्लॉक सरासरी 10 मिनिटांनी बनतो आणि अख्ख्या जगाचे मिळून सेकंदाला जेमतेम 7 व्यवहार. खात्रीसाठी 6 कन्फर्मेशन, म्हणजे आपल्या व्यवहाराच्या ब्लॉकसकट सहा ब्लॉक, हवी असतील तर तासभर थांबा. काउंटरवर, मागे माणसं खोळंबलेली असताना!

लायटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनवरच उभारलेल्या झटपट जाळ्यावर, पैसे क्षणात जातात, बरं, मान्य. स्टेबलकॉइनचा, म्हणजे बहुधा डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टोचा, भाव सहसा हलत नाही, तेही मान्य. पण मग ज्या डॉलरला शिव्या घालत होतात, त्याच्याच खांद्यावर बसलात की! मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाने 2021 मध्ये बिटकॉइन कायद्याने चलन केलं, 2025 मध्ये दुकानदारांवरची सक्ती काढली. सरकारी दंडुक्याने जे रुळलं नाही, ते याच्या पोस्टने रुळणार?

आणि त्या रात्रीचं पुढे ऐका. पैसे पोचले तोवर भाव घसरलेला. “थोडे कमी आलेत.” फरकही मीच भरला!

चिडून लिहितोय खरा. पण हाच मित्र नंतर एकदा मध्यरात्री फोनवर रडवेला झाला होता. क्रिप्टो पाठवताना पत्ता चुकीचा चिकटवला, मोठी रक्कम भलतीकडे गेली. “कोणाला फोन करू?” विचारत होता. मधे कोणी नाही, हेच तो आम्हाला कौतुकाने सांगायचा. तेव्हा मी गप्प बसलो. आज लिहितोय, कारण त्याच्या पोस्टखाली पोरं विचारतायत, पगार यात घ्यावा का.

मघाशी त्याला फोन करून विचारलं, मी पाठवलेलं बिटकॉइन कशावर खर्च केलंस?

“खर्च? वेडा आहेस का! वाढेल ते.”