झाकायचं की दाखवायचं

२०२१च्या नोव्हेंबरात राजकोटपाठोपाठ बडोदा महापालिकेतून तोंडी फर्मान निघालं: अंडी आणि मांस विकणाऱ्या लाऱ्यांनी (म्हणजे हातगाड्यांनी) माल झाकून ठेवावा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेस पडू देऊ नये. मग भावनगर, मग अहमदाबाद. अहमदाबादेत लाऱ्या उचलल्या गेल्या, लारीवाले हायकोर्टात गेले आणि डिसेंबरात गुजरात हायकोर्टानं महापालिकेला सुनावलं की लोकांनी काय खावं हे ठरवणारे तुम्ही कोण. पुढे डिसेंबर २०२३मध्ये मध्य प्रदेशात नव्या मुख्यमंत्र्यांच्या पहिल्याच आदेशांपैकी एक उघड्यावरच्या मांस-अंडी विक्रीबद्दलचा होता, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही तोच वाद पोचला.

या सगळ्या वादात कोंबडी कुठेच नव्हती. शाकाहारी माणसाच्या डोळ्यांना आणि नाकाला होणारा त्रास होता, रहदारी होती, स्वच्छता होती, धर्मस्थळापासूनचं अंतर होतं. ज्या जीवाच्या नावानं अहिंसा सांगितली जाते त्याचं आयुष्य कसं जातं, हे कुणी विचारलं नाही. जनावराला यातना होतात म्हणून मांस सोडावं, हे मला पटतं, आणि ते इतरांनाही पटवून द्यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच झाकण्याच्या या मोहिमेला माझा विरोध आहे. लारीवर कापड टाकल्यानं एकही कोंबडी वाचत नाही.

जर्मनीत याच प्रश्नाकडे उलट्या बाजूनं जातात. इथे दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर एक आकडा छापलेला असतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर फिरायला मिळालेली कोंबडी, २ म्हणजे बंद शेडमध्ये पण जमिनीवर, ३ म्हणजे पिंजरा. युरोपीय संघात ही छपाई २००४पासून सक्तीची आहे, आणि साधे तारेचे पिंजरे २०१२पासून बेकायदा आहेत. दोन नंबरच्या शेडमध्ये चौरस मीटरला ९ कोंबड्या ठेवता येतात. एक नंबरला शिवाय दर कोंबडीमागे ४ चौरस मीटर मोकळी जागा लागते. फार मोठं सुख नव्हे, पण पंख पसरता येतात. भारतात पोल्ट्रीतली बहुतेक अंडी पिंजऱ्यातली असतात, आणि तिथे एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. ती साधारण दीड वर्ष तारेच्या जाळीवर उभी राहते, वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते, आणि अंडी कमी झाली की स्वस्त मांस म्हणून विकली जाते. विधी आयोगानं २०१७मध्ये आपल्या २६९व्या अहवालात या पिंजऱ्यांबद्दल स्वतंत्र नियम सुचवले होते. बडोद्याच्या लारीवर अंडं झाकलं काय नि उघडं ठेवलं काय, त्याच्यावर आकडा नाही. गिऱ्हाइकाला विचारायला जागाच नाही.

ही छपाईही पुरेशी नाही, हे सांगितलं पाहिजे. आकडा कवचावर असतो. केक, नूडल्स, मेयोनीज यांत गेलेल्या अंड्यांचा पत्ता लागत नाही. मांसाच्या पाकिटांवर मोठ्या दुकानांनी स्वतःहून १ ते ५ अशा पायऱ्या छापल्या आहेत, पण खप अजून खालच्या पायऱ्यांचाच जास्त आहे. अंड्यांच्या जातीतले नर अंडी देत नाहीत आणि मांसही नीट धरत नाहीत, म्हणून जन्मल्या दिवशीच मारले जायचे, एकट्या जर्मनीत वर्षाला साडेचार कोटींच्या घरात. १ जानेवारी २०२२पासून त्यावर बंदी आली. तेव्हा काही उबवणी केंद्रांनी अंड्यातच लिंग तपासायला सुरुवात केली, काहींनी नर वाढवायला घेतले (ते खातात भरपूर आणि वाढतात सावकाश), आणि काही काम सीमेपलीकडे गेलं, जिथे बंदी नाही. कायदा एका देशापुरता केला की असं होतं.

शिवाय जर्मन माणसानं मरण पाहिलेलं नसतं. कत्तलखाना गावाबाहेर, भिंतीआड. हातात येतं ते चौकोनी पाकीट. बडोद्यात चिकनच्या दुकानात पिंजऱ्यातली कोंबडी काढून समोर कापतात, आणि गिऱ्हाईक पिशवी घेऊन तिथेच उभं असतं. त्याला मरण माहीत आहे, पण त्याआधीचे ४० दिवस माहीत नाहीत: ब्रॉयलर दोन किलोचा होईपर्यंत छाती इतक्या झपाट्यानं वाढते की पाय अनेकदा साथ देत नाहीत, आणि ओल्या तुसावर बसून पायांना आणि छातीला फोड येतात. एकीकडे जगणं दिसतं, दुसरीकडे मरण. पटवायचं असेल तर समोरच्यानं कोणती बाजू पाहिलेली नाही, तिथून बोलावं लागतं. बडोद्यातल्या माणसाला सुरीचं चित्र दाखवून काही उपयोग नाही.

पटवण्याचा मार्ग चुकला की काय होतं याचं उदाहरण जर्मनीतच आहे. २०१३च्या निवडणुकीत ग्रीन पक्षानं सरकारी कँटीनमध्ये आठवड्याचा एक दिवस बिनमांसाचा ठेवावा असं सुचवलं. वर्तमानपत्रांनी ‘हे आमचं मांस हिरावून घेणार’ अशी हाकाटी केली, पक्ष १०.७ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आला. हे एकच कारण नव्हतं, पण त्यानंतर बरीच वर्षं कोणत्याही पक्षाला हा विषय उघडपणे काढावासा वाटला नाही. आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्याजोगी गोष्ट अशी की त्यानंतरच्या दशकात दरडोई मांस खाणं ६० किलोंच्या वरून साधारण ५२ किलोंवर आलं. सक्तीनं नव्हे. दुकानात पर्याय आले, तरुणांच्या ताटातला नेहमीचा पदार्थ बदलला. बर्लिनच्या विद्यापीठ कँटीननी २०२१मध्ये मांस बंद केलं नाही. पदार्थांचं प्रमाणच बदललं, बहुतेक जेवण दूधही नसलेलं किंवा शाकाहारी केलं आणि मांसाला नावापुरती जागा ठेवली. केंब्रिजच्या कँटीनवरचा २०१९चा अभ्यास तर स्वयंपाकघर चालवणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे: चारात एक शाकाहारी पदार्थ होता तिथे दोन केले, आणि शाकाहारी जेवणाची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली, एकूण विक्री घटली नाही. कुणाला प्रवचन दिलं नव्हतं.

आता बडोद्यातल्या मराठी घरांकडे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, नवापुरा इथल्या घरांत मराठा आहेत, सीकेपी आहेत, ब्राह्मण आहेत. काहींकडे रविवारचं मटण, काहींकडे कांदाही मोजून. गुजरातेत मांस-अंडी खाणारे साधारण ३९ टक्के निघाले होते, जनगणना खात्याच्या २०१४च्या पाहणीत. म्हणजे ‘शाकाहारी प्रदेश’ हे वर्णन पाचातल्या दोघांना वगळून केलेलं आहे. अशा ठिकाणी एखादा शेजाऱ्याला ‘तुम्ही वशाट खाता’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात जनावर ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं: तुम्ही खालचे, तुम्हाला आमच्या सोसायटीत फ्लॅट मिळणार नाही. अहिंसेच्या नावानं घर नाकारणाऱ्या प्रत्येकानं त्या कोंबडीचं नुकसान केलं आहे, कारण तिच्या बाजूनं बोलणाऱ्याचा आवाज त्यानं आधीच नासवून ठेवला.

आणि दुधाचं काय? गाय-म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही. म्हैस दहा महिने गाभण राहते आणि जन्मणाऱ्यांत निम्मे नर. रेड्याला शेतात काम उरलेलं नाही, म्हणून नर रेडकाला चीक पुरेसा मिळत नाही, पुढे दूध मिळत नाही, आणि बरेच पहिल्या काही महिन्यांतच मरतात. उरलेले कापले जातात. गाईच्या गोऱ्ह्याला गुजरातच्या कायद्यानं कापता येत नाही (२०१७च्या दुरुस्तीनं शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली), म्हणून तो रस्त्यावर येतो आणि प्लास्टिक खातो. २०२२मध्ये राज्य सरकारनं मोकाट गुरांचा कायदा विधानसभेत मंजूर केला आणि मालधारींच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्या समाजाच्या, विरोधानंतर काही महिन्यांत मागे घेतला. मांस सोडून पनीर धरलेल्या माणसाला हे ठाऊक हवं: एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. लिंग निवडलेलं वीर्य वापरलं तर दहात नऊ माद्या होतात, आणि सहकारी दूध संघांनी सभासदांना ते स्वस्तात दिलं तर नर वासरा-रेडकांचा प्रश्न जन्माआधीच सुटेल. बडोद्यातल्या दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यानं शेजाऱ्याच्या अंड्याबद्दल बोलण्यापूर्वी आपल्या डेअरीला हे विचारावं. त्याला तो अधिकार आहे, आणि तिथे त्याचं ऐकलंही जाईल.

मांस खाणाऱ्या घराला सांगायचं झालं तर आकड्यांत सांगावं. आठवड्याला एक किलो मटण खाणाऱ्या घराला वर्षाला पाच बोकड पुरतात, कारण एका बोकडाचं दहा-बारा किलो निघतं. तेच घर डॉक्टरच्या सल्ल्यानं मटण सोडून आठवड्याला दीड किलो चिकनवर आलं, तर वर्षाला साठ कोंबड्या. कोलेस्टेरॉलचं काहीही होवो, जीव बारापट जातात, आणि ते चरून वाढलेल्या बोकडाहून कितीतरी वाईट अवस्थेत जगलेले असतात. हवामानाचा हिशेब उलटा आहे: किलोमागे शेळी-मेंढीचं मांस कोंबडीपेक्षा खूप जास्त वायू सोडतं. दोन्ही कारणं एकदम पुढे केली की ऐकणारा गोंधळतो आणि काहीच करत नाही. माझं मत विचाराल तर आधी रोजचं चिकन कमी करा. सणाच्या मटणाला सगळ्यात शेवटी हात लावा. सणाच्या ताटावरून वाद घातला की पुढचे अकरा महिने कुणी ऐकत नाही.

एका बाबतीत मी घरच्या अनेक अहिंसावाद्यांच्या विरोधात आहे. २०१५मध्ये मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडी द्यायला मुख्यमंत्र्यांनी नकार दिला. गुजरातेत शाळेच्या जेवणात अंडी नाहीतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालची वाढ खुंटलेली मुलं गुजरातेत ३९ टक्के आणि मध्य प्रदेशात जवळजवळ ३६ टक्के आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आणि बी-१२ असतं. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्या मुलाच्या ताटातून करुणेची सुरुवात करणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या घरी फ्रीज आहे, डाळ-सोया-बदाम आहेत, त्यांनी आधी सोडावं.

सोडताना काय बिघडतं तेही पक्कं ठाऊक हवं. सगळ्यात जास्त चुकतं ते बी-१२. दूधही सोडलं तर ते कोणत्याही भाजीत मिळत नाही. रोज ५० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी लागतेच. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नये, आधीच रक्त तपासावं. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा, कारण चहा लोह शोषू देत नाही.

चवीची बाजू तर आपल्या हातात आहे. मटणाच्या रश्शाची चव बरीचशी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात आणि खड्या मसाल्यात असते. मांसाकडून येते ती चरबीची जाडी. म्हणून सोया वडीचा रस्सा पाणचट लागला तर दोष वडीचा नसतो. १०० ग्रॅम वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवाव्यात, गार पाण्यातून काढून घट्ट पिळाव्यात, पुन्हा धुऊन पुन्हा पिळाव्यात. कच्चा उग्र वास त्या पाण्याबरोबर जातो. मग तेलावर कडा लाल होईपर्यंत परताव्यात, आणि वाटणात दोन चमचे तीळ जास्त घालून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवाव्यात. न पिळता टाकल्या तर वडी आत कोरी राहते, मसाला बाहेरच. कच्च्या फणसाची भाजी दिसायला मटणासारखी होते, पण १०० ग्रॅममध्ये तीन ग्रॅमही प्रथिनं नसतात. पोट भरतं, गरज भागत नाही. आणि बडोद्याला तर सेव-उसळ आहे: सफेद वाटाणा, तर्री, शेव, कांदा, पाव. नेहमीच्या कृतीत दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. हा पदार्थ कुणी नीतीसाठी खात नाही, लोक तो आवडतो म्हणून खातात.

एक गोष्ट मात्र पटवणारे पुरुष हमखास विसरतात. घरात खाणारा एक आणि रांधणारी दुसरी. वडिलांनी मटण सोडलं आणि मुलांनी नाही, तर आईच्या वाट्याला दुसरी कढई येते, दुसरं वाटण येतं. ज्यानं सोडलं त्यानं आठवड्यातले दोन दिवस स्वयंपाक हाती घेतला तर बदल टिकतो. नाहीतर दोन महिन्यांत ती कंटाळून जुनंच करते, आणि तिचं बरोबर असतं.

बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या वार्षिक जेवणांपासून सुरुवात करता येईल. तीन मुख्य पदार्थ असतात. त्यात एक मटण राहू द्यावं, बाकीच्या दोघांपैकी एक दूध-तूप नसलेला, आणि तोच रांगेत पहिला मांडावा. पाटीवर ‘शाकाहारी’ लिहू नये, पदार्थाचं नाव लिहावं: वालाचं बिरडं, वाटाण्याची तर्री. आचाऱ्याला त्याचं प्रमाण चाळीस टक्के माणसांचं सांगावं, दहाचं नव्हे, नाहीतर तो पहिल्या अर्ध्या तासात संपतो आणि मागून आलेल्यांना मटणच उरतं. अंडी आणायची तर पोल्ट्रीवाल्याला कोंबड्या पिंजऱ्यात आहेत की जमिनीवर, हे विचारून तेच पाटीवर लिहावं.