पाएया दुपारचाच

स्पेनमधील वलेन्सिया शहराच्या दोन दिवसांच्या सहलीविषयी तुमच्याकडे आलेल्या लेखातील ‘एका रात्री समुद्रकिनारी बसून पाएया खावा’ हा सल्ला मला पटला नाही. पाएया हा तिथला भाताचा पदार्थ दुपारच्या जेवणाचा आहे. आम्हीही तो रात्री मागवला आणि किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहात दहा मिनिटांत जे समोर आले, ते उघडच आधी शिजवून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, आल्बुफेरा सरोवराकाठी, भातशेतीने वेढलेल्या एल पाल्मार गावात जेवायला बसलो तेव्हा फरक कळला. पाऊण तास थांबावे लागले, पण कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे घातलेला, पसरट कढईत पातळ थरात शिजलेला केशरी भात आला, आणि तळाशी सोकार्रात, म्हणजे आपली खरवडच, जिच्यासाठी शेजारच्या टेबलावरचे आजोबा कढईत चमचा घासत होते.

शिवाय, १९२८ साली सुरू झालेला मध्यवर्ती बाजार दुपारी तीनच्या सुमारास बंद होतो आणि रविवारी उघडतच नाही, हे लेखात यायला हवे होते. समोरचे जुने रेशीम-बाजारगृह निवांत पाहून मग तिकडे वळणाऱ्याच्या वाट्याला बंद दारे येतात.