ॲलन सिलिटोची कादंबरी कारखान्यात लिहिली गेलेली नाही

‘रॅली सायकल कारखान्यात लेथवर उभं राहून इंग्रज लेखक सिलिटोनं “सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग” ही कादंबरी लिहिली’, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९२८ साली नॉटिंगहॅममध्ये जन्मलेला सिलिटो चौदाव्या वर्षी शाळा सोडून रॅलीत लागला खरा, पण काही महिन्यांतच मजुरीच्या वादावरून बाहेर पडला. पुढे हवाई दलात वायरलेस ऑपरेटर म्हणून मलायात गेला, क्षयानं आजारी पडला आणि इस्पितळातच त्यानं झपाटून वाचन केलं. कादंबरी लिहिली ती स्पेनच्या मायोर्का बेटावर, पेन्शनवर राहून. नॉटिंगहॅमवर लिही, हा सल्ला तिथे राहणाऱ्या इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्जचा. पुस्तक आलं १९५८ मध्ये.

कादंबरीचा नायक, लेथवरचा कामगार आर्थर सीटन म्हणजे सिलिटो नव्हे. लेथचा अनुभव मात्र अस्सल. आर्थरचा हिशेब असा: शंभर नगांना साडेचार शिलिंग दरानं दिवसाला १,४०० नग, म्हणजे ६३ शिलिंग. त्याहून जास्त काढले की दर ठरवणारा येऊन दर कापणार, म्हणून तो हात आखडता घेतो. नगावर मजुरी घेणाऱ्याला हे गणित लगेच पटेल, आणि कादंबरीचा खरा जोर मला तिथेच दिसतो.