व्हेनिसच्या जुन्या आरशामागे चांदी असेल, तर तो तेवढा जुना नाही

‘व्हेनिसच्या तीनशे वर्षांपूर्वीच्या आरशामागे शुद्ध चांदी असते, काळे डाग ही अस्सलपणाची खूण आणि नवी चांदी चढवली की किंमत वाढते,’ असा मजकूर सतत पुढे ढकलला जातो. यातला पहिलाच दावा बाकीच्यांना गोत्यात आणतो.

चांदी कुठून आली? १५०७ साली व्हेनिसजवळच्या मुरानो या काचकामाच्या बेटावरच्या दाल गाल्लो बंधूंनी आरसे बनवण्याचा खास परवाना मागितला, तेव्हापासून जवळजवळ चार शतके काचेमागे होते ते कथील आणि पारा. सपाट दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा सुरकुती न ठेवता पसरायचा, थोडा पारा त्यावर चोळायचा, मग भरपूर ओतायचा. काच वरून ठेवायची नाही, कडेने सरकवत न्यायची. नाहीतर पाऱ्यावरची मळी आणि हवेचे बुडबुडे आत अडकून कायमचे दिसतात. वर वजने ठेवायची आणि मेज हळूहळू कलते करत जादा पारा निथळू द्यायचा. यात आठवडे जात. काचेवर चांदी बसवण्याची रासायनिक क्रिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५मध्ये नोंदवली, कारखान्यांत ती रुळली त्याहून उशिरा. म्हणजे मूळ लेप चांदीचा निघाला, तर सतराव्या शतकाचा दावा तिथेच संपतो.

ओळखायचे मागून. कथील-पाऱ्याचा लेप उघडा, करडा असतो आणि प्रतिबिंब किंचित निळसर, मंद दिसते. चांदीमागे सहसा रंगाचा थर असतो.

डागांचे म्हणाल, तर चांदी ओल आणि गंधकामुळे काळवंडते, बहुधा कडेपासून किंवा रंग उडालेल्या जागेपासून. आम्ल लावून तसे डाग पाडताही येतात. काचेच्या मध्यभागी एकसारखी नक्षी दिसली तर संशय घ्यावा. पाऱ्याचा लेप वेगळा बिघडतो: करडे ठिपके पडतात, सुटा पारा वर्षानुवर्षे खाली झिरपतो आणि खालच्या कडेला थेंब साचतात. म्हणून असा आरसा उलटा करू नये, तो पारा चांगल्या भागावर पसरून लेप खातो. थेंब दिसले तर व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पाऱ्याची वाफ खोलीभर होते.

आणि नवी चांदी? त्यासाठी जुना लेप खरवडावा लागतो. पारा घरात मोकळा होतो, वयाचा सर्वांत भक्कम पुरावा जातो. किंमत वाढते ती फक्त कारागिराच्या बिलाची. डाग खुपले तरी लेपाला हात लावू नका. दुरुस्ती करायचीच तर चौकटीवर बसवलेल्या, सुटत आलेल्या काचा तेवढ्या पक्क्या करून घ्या. जुन्या लाकडी पाठीवरचे त्यांचे खिळे आणि स्क्रू बऱ्याचदा सैल झालेले असतात.